नोरा टिंडलचं चौदावं प्रकरण

अर्जुनी मोरगाव
८ जुलै २०२४

तीर्थस्वरूप पुष्पाआत्यास,
उमेंद्रचा शि. सा. न. वि. वि.

तुझं बाड शुक्रवारी पोस्टाने सुखरूप मिळालं. तेरा प्रकरणं, दोनशे चार पानं, आणि एकाही पानावर खाडाखोड नाही. वाचनालय पाचला बंद करायचं असतं. मी काउंटरवर बसून वाचत राहिलो आणि शिपाई चैतराम किल्ल्या घेऊन समोर उभा. साडेसहाला त्याने सरळ सांगितलं की साहेब, उरलेलं घरी वाचा, माझी गाय दोहायची राहून राहिली आहे. घरी आलो तर बाड अंजूने हातातून घेतलं. आता ती माझ्यापुढे दोन प्रकरणं आहे आणि पुढे काय होतं ते मुद्दाम सांगत नाही.

आत्या, असलं पुस्तक मी वाचलं नव्हतं. समुद्राकाठचं एक लहान ब्रिटिश गाव, साल एकोणीसशे एकावन्न, आणि टेलिफोन एक्सचेंजच्या बोर्डावर एकटी बसणारी नोरा टिंडल. एका फोनवर तिला ओझरतं ऐकू येतं की म्हाताऱ्या मिसेस गॅरेट येता शनिवार बघणार नाहीत. आवाज ओळखीचा नाही. पण लाइन कुठली ते तिला कळतं, आणि ती लाइन गावातल्या सगळ्यात भल्या माणसाची, डॉक्टरची. ऐकलेलं कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घेतलेली. सांगितलं तर नोकरी जाणार, आणि डॉक्टरपुढे तिच्यावर विश्वास तरी कोण ठेवणार? तेराव्याच्या शेवटी ती बोर्डाच्या प्लगची दोरी हातात घेते, आणि तिथेच तुझं बाड संपतं. हे काही बरं नाही केलंस.

‘द क्वाएट बोर्ड’ हे नाव आणि मेरियल ऑस्टविक ही लेखिका, दोन्ही मी नेटवर शोधली. एका जुन्या यादीत एक ओळ मिळाली, बाकी काही नाही. प्रकाशकाच्या पत्त्यावर आता दुसरीच कंपनी आहे. त्यांना मी परवानगीसाठी पत्र टाकून ठेवलं आहे.

कानाचं मशीन दुरुस्त झालं का? अंजू म्हणते आत्यांना ऐकू येत नाही तर मोबाईलवर लिहीत जा. मी तिला म्हटलं, मोबाईलवर आत्या ‘ठीक’ एवढंच लिहिते, कागदावर चार पानं देते. मी नुकसानीचा सौदा कायले करू?

बाबा बरे आहेत. धानाची रोवणी सुरू झाली आहे. चौदावं प्रकरण लवकर पाठव आणि भाच्यावरचा जीव आहे तसाच राहू दे.

तुझा,
उमेंद्र

•

मुर्री
१९ जुलै २०२४

चि. उमेंद्र आणि सौ. अंजू यांस पुष्पाआत्याचे पोटभर आशीर्वाद.

मशीन दुरुस्त झालं आणि पुन्हा शिट्टी मारायला लागलं. डॉक्टर म्हणाले वय झालं. मी म्हटलं, त्रेसष्ट हे काय वय आहे, पण अर्धं आयुष्य हेडफोन लावून बसले, कानांनी सुट्टी मागितली तर चूक नाही.

पुस्तक कसं मिळालं ते तू मागेच विचारलं होतंस. ब्याऐंशी साल होतं. गोंदियाच्या बाजारात एक रद्दीवाला त्याची पानं फाडून हळदीच्या पुड्या बांधायला निघाला होता. कव्हर आधीच गेलेलं. पहिल्या पानावर कुठल्याशा जुन्या रेल्वे क्लबचा शिक्का होता. त्या पानावर बोर्ड, प्लग आणि कॉल हे शब्द दिसले म्हणून मी थांबले. नोकरी लागून दोन वर्षं झाली होती. आपल्या कामावर कुणी पुस्तक लिहितं हेच मला ठाऊक नव्हतं. पहिल्या वाचनात निम्मं कळलं. मग डिक्शनरी घेऊन पाच वेळा वाचलं. माझं इंग्रजी कॉलेजातलं कमी आणि या बाईचं जास्त.

या बाईची कमाल काय आहे सांगू? साऱ्या पुस्तकात रक्ताचा थेंब नाही. पिस्तूल नाही, पाठलाग नाही. नोरा घाबरली असं ती एकदाही लिहीत नाही. हेडफोनची वायर नोराने तिसऱ्यांदा सरळ केली, एवढंच लिहिते, आणि आपल्या अंगावर काटा येतो. पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा सरळ केली तेव्हा आपलं लक्षही गेलेलं नसतं. चाळीस पानांनंतर कळतं की बाईने आपल्याला मोजायला लावलं होतं. आणि काम किती खरं! कुठल्या तासाला कुठली लाइन गप्प असते आणि कुठली बडबडते, हे बोर्डावर बसल्याशिवाय कुणाला लिहिता येणार नाही. तिने ही नोकरी केलेली असणार, पैज लाव.

दोष आहेतच. इन्स्पेक्टर फार मठ्ठ आहे, आणि शेवटचं लग्न उगाच चिकटवल्यासारखं वाटतं. ते चालतं. आपल्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकात तरी शेवटी काय असतं?

तुला ‘पापणी’ आवडली का कळव. नोराचा बोर्ड जुना, कॉल आला की नंबरावरची लहानशी झडप खाली पडायची. आमच्या बोर्डावर दिवे होते. झडप हा शब्द मला कोंबड्यांच्या खुराड्यासारखा वाटला, म्हणून ‘पापणी पडली’ असं केलं. आणि समुद्रावरचं धुकं मी पाहिलेलं नाही. नवेगावच्या तलावाच्या बांधावर हिवाळ्यात पाण्यातून उठतं ते डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं.

पंधरा आणि सोळा ही प्रकरणं सोबत पाठवत आहे. चौदावं सध्या राहू दे.

तुझ्या बाबांना, सेवकरामभाऊला, नमस्कार सांग. तुमचं सगळ्यांचं चांगलं चालो आणि आत्याची आठवण कामाच्या गर्दीत हरवू नये, एवढंच मागणं.

पुष्पाआत्या

•

अर्जुनी मोरगाव
६ ऑगस्ट २०२४

तीर्थस्वरूप आत्यास,
पायावर डोकं ठेवून उमेंद्रचा न. वि. वि.

बातमी अशी आहे की उभ्याने वाचू नको, बस. विलायतेहून उत्तर आलं. त्या कंपनीने माझं पत्र मेरियल ऑस्टविक यांच्या भाचीकडे पाठवलं. भाची एक्याऐंशी वर्षांची आहे आणि तिने दोन पानं हाताने लिहिली आहेत. मूळ पत्र सोबत ठेवलं आहे. तू पैज जिंकलीस. मेरियलबाई लढाईच्या काळात सहा वर्षं एका एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. पुस्तक एकच लिहिलं. दुसरी आवृत्ती निघाली नाही. पुढे त्या पोस्टाच्या खिडकीवर बसल्या आणि एकोणीसशे त्रेसष्टच्या थंडीत गेल्या. भाची लिहिते की मावशीला शेवटपर्यंत वाटत होतं की हे पुस्तक घरच्यांखेरीज कुणी वाचलंच नाही. भारतातली एक ऑपरेटर ते मराठीत उतरवते आहे, हे वाचून ती बराच वेळ खिडकीपाशी बसून राहिली म्हणे. मराठीची परवानगी तिने आनंदाने दिली आहे. बदल्यात छापलेली एक प्रत आणि वाचणाऱ्या बाईंचं नाव मागितलं आहे. मी तुझं नाव कळवलं.

आता चौदावं. पंधरावं वाचताना मला फार अडखळायला झालं. तिथे नोराने काहीतरी करून टाकलेलं आहे आणि सगळं गाव तिच्याकडे बघत आहे. ते केलं कसं, हेच मधून गायब. अंजू म्हणते, भाजीत मीठ घालायचं विसरलं तर घालता येतं, पण भाजीच विसरली तर काय घालणार? आत्या, तू अवघड म्हणून थांबणारी नाहीस. काही अडलं आहे का?

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, लिहितोच. बाबांना मी उत्साहाने सांगितलं की आत्या टेलिफोन ऑपरेटरवरचं पुस्तक मराठीत करून राहिली आहे. त्यांनी हातातली कोयती खाली ठेवली. म्हणाले की टेलिफोनच्या नोकरीचं नाव या घरात काढायचं नाही. मग बांधावर निघून गेले, जेवायलाही आले नाहीत. दर भाऊबीजेला ते तुझ्याकडे येतात, पण दाराजवळच्या खुर्चीवर बसून चहा घेतात आणि गाडीची वेळ सांगून निघतात, हे मी लहानपणापासून बघत आलो. विचारायचं कधी धाडस झालं नाही. आज तुला विचारतो. लहान तोंडी मोठा घास वाटला तर पत्र फाडून टाक, पण माझ्यावरची माया फाडू नको.

तुझा,
उमेंद्र

•

मुर्री
२० ऑगस्ट २०२४

चि. उमेंद्रास आत्याचे आशीर्वाद.

मेरियलबाईंच्या भाचीचं पत्र चार वेळा वाचलं. तिला मी वेगळं लिहिते. आज तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तू सरळ विचारलंस. या घरात मला सरळ कुणी विचारलं नाही.

चौऱ्याऐंशीच्या मार्चमधला मंगळवार होता. दुपारी दोनची वेळ, बोर्डावर मी एकटी. एका माणसाने दूरच्या राज्यात ट्रंक कॉल लावला होता. तेव्हा तीन मिनिटं झाली की आम्हाला लाइनवर जाऊन विचारावं लागे, वेळ वाढवायची का? त्याआधी बोलणं चालू आहे की नाही ते बोर्डावरची चावी, म्हणजे खटका, टाकून क्षणभर ऐकायचं. मी ऐकलं. तो माणूस समोरच्याला सांगत होता की साळीची, म्हणजे बायकोच्या बहिणीची, पोरगी आहे, सोळा वर्षांची, बाप मेलेला. नागपूरला नर्सिंगच्या ट्रेनिंगला नेतो असं आईला सांगितलं आहे. नागपूरला उतरायचंच नाही, गुरुवारी निघून शनिवारी तिकडे पोचतो, तुम्ही लग्नाची तयारी ठेवा. समोरच्याने विचारलं, पन्नाशीच्या माणसाला बघून पोरगी रडली तर? हा हसला. मग त्याने साळीचं आणि तिच्या गावाचं नाव घेतलं. गाव आपल्या भागातलं होतं. ती नावं मी आजवर कुणाला सांगितली नाहीत, तुलाही सांगणार नाही.

नियम मला पाठ होता. कानावर पडलेलं तोंडातून निघायचं नाही. नियम वाईट नव्हता, बाबू. रोज शेकडो माणसं आमच्या हातातून एकमेकांची सुखदुःखं सांगत होती. आम्ही बोललो असतो तर कुणी फोनला हात लावला नसता.

त्या गावात एकच फोन, पोस्टात. माझ्या हातात प्लग होता आणि हात उचलेना. तू चौदावं प्रकरण मागतोस, त्यात नऊ पानं आहेत, आणि त्या नऊ पानांत घडतं काय, तर एक बाई हात उचलते. एवढंच. ती नऊ पानं जगातल्या कुठल्याही मोठ्या लेखकाने लिहिली असती तर त्याची मिरवणूक काढली असती. पण पुस्तक वाचून मी धीट झाले, असं समजू नको. ते खोटं होईल. मला एवढंच ठाऊक होतं की असा हात जड होतो. माझ्याआधी कुणाचा तरी झालेला आहे आणि तिने तो लिहून ठेवला आहे. त्या दुपारी त्या खोलीत मी एकटी नव्हते.

मी प्लग लावला. पोस्टमास्तरांना म्हटलं, अमक्या बाईला बोलावून आणा, मी लाइन सोडत नाही. ती शेतात होती. यायला बारा मिनिटं लागली. बोर्डावर एकामागून एक दिवे लागत होते आणि मी एकाही कॉलला उत्तर दिलं नाही. ती धापा टाकत आली. ऐकलं ते जसंच्या तसं मी तिला सांगितलं. मग तिने विचारलं, “तुम्ही कोण बोलून राहिल्या, बाई?”

मी म्हटलं, “एक्सचेंज.”

पोरगी गेली नाही. आईने त्या माणसाला दारातून हाकललं, पण रागाच्या भरात सांगून बसली की मला एक्सचेंजवरून कळलं. त्याने खरं कारण लपवून वर तक्रार केली की एक्सचेंजच्या बाईने लाइन अडवून ठेवली. आमचे सुपरवायझर भले गृहस्थ होते. त्यांनी मला दोनदा सुचवलं की लाइनमध्ये बिघाड होता असं लिही, मी सही करतो. मी लिहिलं की लाइन मी वापरली, बारा मिनिटं, खाजगी बोलण्यासाठी. कारण सांगणार नाही. कारण लिहिलं असतं तर कागद दहा टेबलांवरून गेला असता आणि महिन्याभरात पोरीचं नाव गावोगाव झालं असतं. विकायला काढलेली पोरगी म्हणून. मग तिच्या दारात कोण आलं असतं?

मला सहा महिने घरी बसवलं, मग दुसरीकडे बदली झाली. लोकांना एवढंच कळलं की पुष्पा ड्युटीवर बारा मिनिटं कुणाशी तरी खाजगी बोलत होती. कुणाशी, ते लोकांनी आपल्या मनाने ठरवलं. आमगावला माझं लग्न जमलेलं होतं, ते मोडलं. भाऊने मला एकच वाक्य ऐकवलं, की तू आमची मान खाली घातलीस. आई तेव्हा आजारी होती. मी गप्प राहिले, आणि गप्प राहण्याची सवय होऊन गेली.

म्हणून चौदावं होत नाही. तीन वेळा बसले. पहिली दोन वाक्यं मेरियलबाईंची उतरतात आणि तिसऱ्याला बोर्डावर नोरा नसते, मी असते. दुसऱ्याच्या पुस्तकात असं घुसणं बरं नाही.

हे वाचून वाईट वाटून घेऊ नको. मी नंतर तेहेतीस वर्षं नोकरी केली, स्वतःचं घर केलं, हवं ते वाचलं. पोळ्याला बैलांच्या पाया पडताना माझ्या वाटचाही एक नमस्कार कर.

तुझी,
आत्या

•

अर्जुनी मोरगाव
२ सप्टेंबर २०२४, पोळा

तीर्थस्वरूप आत्यास,
उमेंद्रचा साष्टांग नमस्कार, आणि या वेळी खरोखर जमिनीवर पडून.

तुझं पत्र वाचनालयातल्या मागच्या खोलीत उभ्याने वाचलं आणि मग खाली बसलो. चैतरामने विचारलं, घरी कुणी गेलं का? मी म्हटलं, नाही, कुणीतरी सापडलं.

आम्ही भाचरं तुला कडक म्हणायचो. सुट्टीत तुझ्याकडे यायचं तर मोठ्याने हसायचं नाही, इकडचं तिकडे सांगायचं नाही. एकदा आमच्यातल्या हर्षिताची चुगली मी केली, तर तू मला उन्हात उभं केलं होतंस. आज वाटतं, आम्ही तुला किती थोडं ओळखत होतो. अंजूनेही पत्र वाचलं. संध्याकाळी एवढंच म्हणाली की ती पोरगी आज छप्पन वर्षांची असेल, तिला नातवंडं असतील आणि ती कुठेतरी स्वयंपाक करत असेल.

आत्या, हे बाबांना सांगू दे. ते एकाहत्तरचे झाले. पोळ्याच्या दिवशी बैल सजवताना ते आज मला म्हणाले की लहानपणी शिंगांना बेगड पुष्पाच चिकटवायची, तिचा हात चांगला. आपण होऊन तुझं नाव काढल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. मी तिथेच सांगणार होतो, पण गोष्ट तुझी आहे. तुझ्या होकाराशिवाय माझ्या तोंडातून निघणार नाही. मीही तुझाच भाचा आहे.

उत्तराची वाट बघतो. नाही म्हणालीस तरी तुझ्याबद्दलचा मान वाढलेलाच राहील.

तुझा,
उमेंद्र

•

मुर्री
१४ सप्टेंबर २०२४

चि. उमेंद्रास आशीर्वाद.

दहा दिवस विचार केला. पोरीचं गाव मी तुला लिहिलेलं नाही, त्यामुळे तुझ्याकडून ते निघायची भीती नाही. माझ्यापुरतं सांग. आपल्या शब्दांत सांगू नको, तुझ्या बोलण्यात मसाला फार असतो. माझं पत्र आहे तसं वाचून दाखव. ते उठून गेले तर मागे जाऊ नको.

अंजूला म्हणावं, तिने जे म्हटलं ते मीही पुष्कळदा मनात म्हटलेलं आहे. तुम्ही दोघं सुखात राहा आणि मला धरून राहा.

आत्या

•

अर्जुनी मोरगाव
९ ऑक्टोबर २०२४

पुष्पास सेवकरामचा आशीर्वाद.

मले लिहाचा सराव नाही. शाळा सुटल्यापासून सहीच करत आलो. उमेंद्र म्हणे मी लिहून देतो, तुम्ही सांगा. म्या नाही म्हणलं. ही चिठ्ठी माझ्याच हातची पायजे.

त्यानं तुझी चिठ्ठी वाचून दाखवली. म्या दुसऱ्यांदा वाचाले लावली. मंग वावरात गेलो. धान निसवून राहिला आहे, लोंब्या निघून राहिल्या, पाणी पाहाचं होतं. पण पाणी पाहिलंच नाही, वावराच्या बांधावर, धुऱ्यावरच, बसून राहिलो.

तुले एक सांगतो जे तुले माहीत नाही. तवा मी आमगावले गेलो होतो. त्या लोकायच्या अंगणात उभा राहून हात जोडले. म्हणलं आमच्या पोरीची चूक झाली, माफ करा, सोयरीक मोडू नका. त्यायनं बसाले पण नाही म्हणलं. पुष्पा, कोणती चूक झाली ते मलेच माहीत नव्हतं. लोकायले माफी मांगाले आमगावपर्यंत गेलो, पण तुले इचाराले माजघरातून सैपाकघरात आलो नाही. आठ पावलं होती.

चाळीस वर्षं मी समजत होतो का तुनं मान खाली घातली. आता इथं माझी मान वर होऊन नाही राहिली.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. तू काऊन नाही सांगतलं वं? साऱ्या दुनियेले नको सांगू. मी तं तुझा भाऊ होतो, कोणी वैरी नव्हतो. त्या सायबाले नाही सांगतलं, बरोबर केलं. पण मले?

उमेंद्र म्हणे एक भाग तुझ्याच्यानं लिहून नाही होऊन राहिला. मले इंग्रजी येत नाही. तो भाग तू लिहिशील तवाच मले समजन, त्या दिवशी तिथं बसून तुले काय झालं असन. त्या बाईचं असो का तुझं असो, मले फरक नाही पडत. लिही.

आणखी काय लिहू. आधी तुझ्यावर हक्क सांगून लोभ मांगाचो. आता हक्क नाही राहिला, तरी मांगतो.

सेवकराम

•

मुर्री
२५ ऑक्टोबर २०२४

तीर्थस्वरूप भाऊस,
पुष्पाचा त्रिवार नमस्कार.

तुझं पत्र आलं तेव्हा वर फक्त तुझं अक्षर पाहिलं आणि पाकीट पूर्ण एक दिवस उघडलं नाही. तुझा ‘स’ अजून तसाच आहे, शेपटी वर गेलेला. गुरुजी त्यासाठी तुला किती मारायचे.

आमगावचं मला ठाऊक नव्हतं. तू माझ्यासाठी कुणापुढे हात जोडले असशील असं मनातही आलं नाही. मला वाटत होतं, तू मला मनातून काढूनच टाकलं. म्हणजे चाळीस वर्षं आपण दोघंही एकेक गोष्ट दाबून बसलो होतो. माझी मी मुद्दाम दाबली होती, तुझी लाजेने दाबली गेली.

तू विचारलंस, तुला काऊन नाही सांगितलं. ‘तू विचारलं नाहीस’ असं आधी लिहिलं होतं. ते खोडलं. तो राग होता, उत्तर नव्हतं. खरं उत्तर मला स्वतःलाही या चार दिवसांत नीट सापडलं. भाऊ, तुला सांगितलं असतं तर तू गप्प बसला असतास का? माझ्या बहिणीवर आळ घेता म्हणून त्याच दिवशी आमगावला गेला असतास, ऑफिसात गेला असतास, चौकात उभा राहून ओरडला असतास. कुणी पुरावा मागितला की त्या गावात गेला असतास आणि त्या आईला हात धरून पुढे आणलं असतंस. तुझा माझ्यावर केवढा जीव होता ते मला माहीत होतं. परक्या माणसाला सांगितलं असतं तर एकवेळ त्याने ते पोटात ठेवलं असतं. तुझ्या पोटात राहिलं नसतं, आणि पोरगी गेली असती. तू वैरी असतास तर सांगितलं असतं. भाऊ होतास म्हणून सांगता आलं नाही.

म्हणून मान वर कर. ती खाली घालण्यासारखं तू काही केलं असशील तर एवढंच, की आठ पावलं चालला नाहीस. मीही बाहेर येऊ शकले असते. पावलं तेवढीच होती.

चौदावं प्रकरण झालं. तुझं पत्र आल्यापासून सहा सकाळी बसले. आधी भीती वाटायची की लिहिताना नोराच्या जागी मी येते. या वेळी आले तर येऊ दिलं. दोन वाक्यं लिहायची, उठून तुळशीला पाणी घालायचं, परत बसायचं, असं करत नऊ पानं उतरली. मग मूळ पुस्तकाशी ओळ न ओळ ताडून पाहिली. मेरियलबाईंचा एक शब्द सुटलेला नाही आणि माझा एकही आत शिरलेला नाही. मला वाटत होतं की त्या प्रकरणात मी मावणार नाही. भाऊ, त्या बाईने जागा सोडून ठेवली होती. केवढं मोठं लिहिणं! त्यांच्या भाचीला मी कळवलं आहे की तुमच्या मावशीच्या पुस्तकाला आणखी एक वाचक मिळतो आहे, अर्जुनीचा एक शेतकरी, आणि तो फार खडूस आहे.

ती नऊ पानं मी पोस्टाने पाठवत नाही. तू ये. भाऊबीज यंदा रविवारीच आली आहे, कापणी सुरू झाली नसेल तर सकाळच्याच गाडीने ये. परतीची वेळ आधी बघून ठेवू नको. मी पाटवड्या करते, तुला आवडायच्या तशा तिखट. पानं तुझ्या हातात देईन. मनात वाचू नको, मोठ्याने वाच. मला ऐकू येणार नाही ते मला माहीत आहे. मी तुझ्या तोंडाकडे बघत बसेन. कुठल्या ओळीवर तू थांबतोस तेवढं मला दिसलं की पुरे.

येताना चष्मा विसरू नको. या घरात तुझी वाट पाहणं चालू आहे, लोभाचं वेगळं काय लिहू?

तुझी,
पुष्पा